उजेडाचा काटा

बाबासोकाका चहाचा पहिला घोट कपातून घ्यायचे आणि उरलेला बशीत ओतायचे. बशी दोन्ही हातांनी धरायचे, पारडं धरावं तशी.

हातात काहीही दिलं की आधी तळहातावर तोलून बघायचे. लग्नपत्रिकांचा गठ्ठा असो, किल्ल्यांचा जुडगा असो. जेवणाचा डबा न उघडता सांगायचे, "आज भाकरी दोनच हायत. अंजना रुसलीया."

पेन्सिल कानावर. पेन कधीच नाही. "पेनानं चूक पक्की हुतीया," म्हणायचे.

कुणाशी वाजलं की दोन बोटं टेबलावर टकटक आपटायचे. "चल, शून्य कर." मग खरंच शून्य. तो विषय पुन्हा निघायचा नाही.

जुन्या कॅलेंडरची पानं टाकायचे नाहीत. पाठकोऱ्या बाजूवर आकडे मांडायचे.

दुकान बंद करायचं, असं त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. "वाढवूया," म्हणायचे. काकींची बांगडी फुटली तरी ती वाढली. सोनमनं एकदा विचारलं होतं, "काका, जे संपतं त्याला वाढलं का म्हणायचं?"

"एमए तुम्ही केलंय," ते म्हणाले. "मी आपला आयटीआय."

आणि कुणी फोटो आणून दिला की त्यातल्या माणसाचं नाव विचारायचे. नाव कळल्याशिवाय फोटो काचेवर ठेवायचे नाहीत.

हे सगळं सोनमला आता आठवतं. तेव्हा ती नुसती बघत होती.

गंगावेशीत एका गाळ्यात दोन धंदे होते. आत शिरल्यावर डाव्या हाताला बाबासोकाका, उजव्या हाताला सोनम. पंखा एकच, मधोमध. सोनम मलकापूरची. मराठी घेऊन एमए झालेली. कुठल्याही कॉलेजानं तिला बोलावलं नाही, म्हणून ती दुसऱ्यांचे प्रबंध टाइप करून द्यायची आणि त्यातलं व्याकरण मुकाट्यानं सुधारायची. काका तिला 'मॅडम' म्हणायचे. त्यात अर्धी थट्टा होती, अर्धा मान. कुठला अर्धा कधी, ते तिला पाच वर्षांत नेमकं कळलं नाही.

काका मूळचे काटेवाले. तीस वर्षं त्यांनी वजनकाटे दुरुस्त केले. दूधसंस्थांचे, किराणा दुकानांचे, उसाचे ट्रक तोलणारे. दर बुधवारी हुपरीला जायचे. तिथल्या घराघरांत चांदीचे पैंजण घडतात. त्या घरांतल्या नाजूक काट्यांना काकांशिवाय दुसऱ्याचा हात चालत नसे. शाहूपुरीतला एक फोटो स्टुडिओ बंद पडला, तेव्हा त्यांनी तिथला मोठा स्कॅनर उचलून आणला. जुना आणि जड. पोटात शिसं भरल्यासारखा.

"ह्याला काय म्हणत्यात माहीत हाय का, मॅडम?"

"स्कॅनर."

"काटा. ह्यो बी काटाच. उजेडाचा."

तिला वाटलं, काका उपमा देतायत. ती उपमा नव्हती. पण ते कळायला वेळ लागला.

एकवीस सालचा पूर उतरला आणि लोक फोटो घेऊन यायला लागले. चिकटलेले अल्बम, लगदा झालेली पाकिटं. काका एकेक फोटो सोडवायचे, नाव विचारायचे, काचेवर ठेवायचे. दोन महिन्यांत त्या दमट हवेनं काचेच्या आतल्या बाजूला वाफ धरली. म्हणून खंडेनवमीच्या दिवशी त्यांनी स्कॅनर खोलला. काचेची चौकट काढून टेबलावर पालथी घातली, आतून पुसली, आणि नारळ आणायला गेले.

तेवढ्यात अंजनाकाकी ताट घेऊन आल्या. काकांच्या सगळ्या हत्यारांना हळद-कुंकू लावायचं काम दरवर्षी त्यांचं. पितळी वजनं झाली. पक्कड, पान्हे झाले. हुपरीचे छोटे काटे झाले. मग त्या स्कॅनरपाशी थांबल्या.

"ह्याचं पोट का गं उघडं टाकलंय?"

"साफ करायला खोललंय काकांनी."

"मग लावू कुठं? काट्याला पारडं तरी असतंय. ह्याला धड कपाळबी न्हाय."

सोनम टायपिंग सोडून उठली. पालथ्या चौकटीत, काचेच्या वरच्या कडेला, एक पांढरी पट्टी चिकटवलेली होती. स्वच्छ. कोरी. काचेखाली चेहरा असता तर ती बरोबर कपाळाच्या जागी आली असती.

"हे बघा की काकी," ती म्हणाली. "हेच कपाळ."

"व्हय की!" काकी खूश झाल्या. करंगळीशेजारचं बोट ओलं करून त्यांनी आधी हळद टेकवली. मग शेजारी कुंकू. कुंकू जरा दाबून लावलं. सवाष्णीला लावतात तसं.

मग त्या सोनमच्या कॉम्प्युटरकडे वळल्या आणि थांबल्या. "तुमच्यात नसतंय. म्हाईत हाय मला. तरी इचारलेलं बरं."

सोनमच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून तिच्या घरात हळद-कुंकू नव्हतं. "फूल ठेवा काकी," ती म्हणाली. काकींनी ताटातलं सगळ्यात टपोरं झेंडूचं फूल निवडून कीबोर्डशेजारी ठेवलं.

काका आले तेव्हा लाइट गेलेली. अर्धवट उजेडात त्यांनी चौकट उचलली, उलटी केली, बसवली. चार स्क्रू मारले. कपाळ आत गेलं.

सोनम ते विसरून गेली.

दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी चिखलीहून बायडाबाई आल्या. सत्तरीच्या पुढच्या. दुधाच्या रिकाम्या पिशवीतून त्यांनी एक फोटो काढला. काळा-पांढरा, पुरात भिजून अजून ओलसर, एका कोपऱ्याला फुगलेला.

"पावणं, हे नीट करून देता का?"

स्टुडिओतला फोटो. कागदी फुलांच्या कुंडीशेजारी दोन मुली, परकर-पोलक्यात, ताठ उभ्या.

"नावं काय?"

"थोरली शालू. धाकटी मी."

"शालूबाई कुठं असत्यात?"

"कुठं असती! सतरा वर्साची असताना बाळंतपणात गेली. तिचा एवढाच फोटू." बायडाबाईंनी फोटोवर बोट धरलं, टेकवलं नाही. "ह्यो डावा डोळा बघा. नाकाकडं. जरा तिरळी हुती. फोटू काढताना आई म्हणली, शाले, डोळं झाक. तिनं न्हाय झाकलं."

काकांनी फोटो काचेवर ठेवला. मशीन नेहमीसारखं आधी खुडखुडलं, मग सरकलं. पडद्यावर दोघी बहिणी आल्या. शालूच्या डाव्या डोळ्यावरून एक पांढराफटक पट्टा वरपासून खालपर्यंत उतरला होता. करंगळीएवढा रुंद. त्याच्या शेजारी, केसांवरून, एक फिकट पट्टा.

"थांबा मावशी. परत काढतो."

त्यांनी फोटो उचलला. हातात कोरा कागद आला. दोघी बहिणी काचेला चिकटून राहिल्या होत्या. काकांनी नखानं कड सोडवायला बघितली. ती काळी साय नखाखाली फाटली.

काकांनी हात मागे घेतला.

"काय झालं?" बायडाबाईंनी विचारलं.

"चूक झाली. माझी." काकांनी मान वर केली नाही. "ओला फोटो काचेवर तसाच ठेवायचा नसतो. खाली प्लास्टिक घालायचं राहिलं."

सोनमला वाटलं, आता आवाज चढणार. बायडाबाईंनी तो कोरा कागद दोन्ही बाजूंनी बघितला आणि घडी न घालता पिशवीत ठेवला.

"मग आता वो?"

"तुमची बहीण मशीनमधी हाय. तिचा डोळा तेवढा सोडवून देतो."

"कवा?"

"देतो."

पंधरा दिवसांनी बायडाबाई नातवाचा मोबाइल घेऊन आल्या. नातवानं, संग्रामनं, काकांनी तेव्हा दिलेली पांढऱ्या पट्ट्याची प्रत कुठूनतरी नीट करून आणली होती. उजवा डोळा उचलून डावीकडे बसवलेला. सुरेख काम. दोन्ही डोळे सरळ समोर बघत होते.

"ही कोण?" बायडाबाई म्हणाल्या. "माझ्या शेजारी ही कोण हुबी हाय?"

त्या गेल्यावर सोनम म्हणाली, "काका, आपण तिरळा डोळा काढू की. फोटोशॉपात येतो."

"तुम्ही काढला तर तो तुमचा डोळा हुईल. शालूबाईचा न्हाय." त्यांनी पडद्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर पेन्सिल टेकवली. "डोळा गेला न्हाय, मॅडम. खाली हाय. मशीननं तिथं उजेड जास्त दिलाय. किती जास्त, ते कळलं की तेवढा काढून घ्यायचा. पारड्यात खडा ऱ्हायला तर माल फेकतासा व्हय? खडा तोलायचा."

खडा तोलायचा तर मशीन आपलं शून्य कसं करतं, हे कळायला हवं होतं. ते ड्रायव्हरला माहीत होतं. हा ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटर आणि मशीन यांच्यामध्ये बसलेला दुभाष्या. स्कॅनरच्या कंपनीनं ते मॉडेल कधीच सोडून दिलं होतं. ना पुस्तक, ना फोन उचलणारं कुणी. दुभाष्या इकडचं तिकडं सांगायचा आणि पडद्यावर एवढंच दाखवायचा: तयारी चालू आहे.

"कसली तयारी, ते सांगत न्हाय," काका म्हणाले. "मग कान लावायचा."

पुण्यातल्या भाच्यानं, पृथ्वीराजनं, फोनवरून एक प्रोग्रॅम घालून दिला. केबलमधून जे जातं आणि जे येतं, ते सगळं तो टिपायचा. आकडेच आकडे. काकांनी ते कॅलेंडरांच्या पाठीवर छापले. फरशीवर पसरले. उडू नयेत म्हणून कोपऱ्यांवर पितळी वजनं ठेवली. मग पद्धत सुरू झाली. काट्याचीच पद्धत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच. कोरा कागद ठेवून एकदा. काळा ठेवून एकदा. झाकण उघडं ठेवून एकदा. आकडे शेजारी शेजारी मांडायचे, आणि जिथं बदल दिसेल तिथं पेन्सिलीचं टिंब.

गिऱ्हाइकं पाय उचलून आत यायची. "बाबासो, रांगोळी काढलीया का?"

"व्हय. तुमी तुडवू नका, म्हंजे झालं."

एकदा त्यांनी सोनमला बोलावलं आणि स्कॅनरच्या झाकणाला कान लावायला सांगितलं. आत खुडखुड झाली.

"आता दिवा बंद हाय. हे रिकामं पारडं. म्हंजे काळं." तीन सेकंद गेले. "आता दिवा लागला. हे प्रमाण वजन. म्हंजे पांढरं."

"मशीनकडं वजन कुठलं?"

"आत एक पांढरी पट्टी हाय. फोटो बघायच्या आधी हे दर खेपेला ती पट्टी बघतंय. तिला पांढरं धरतंय. मशीनच्या आडव्या ओळीतल्या ज्या ठिपक्याला ती कमी पांढरी दिसली, त्या ठिपक्याला उजेड वाढवून देतंय."

पांढरी पट्टी, हे शब्द सोनमच्या कानावरून गेले. तिला काहीच आठवलं नाही. ती एका प्रबंधाच्या तळटीपांत अडकली होती.

कुठल्या ठिपक्याला किती वाढवायचं, याची यादी ड्रायव्हर मनातल्या मनात करायचा, वापरायचा आणि पुसून टाकायचा. ती यादी पकडायला काकांना चार महिने लागले. फेब्रुवारीतल्या एका दुपारी सापडली. पाच हजार शंभर ठिपके, प्रत्येकाचा एक आकडा. काकांनी कागदाला कागद चिकटवून आलेख शिवजयंतीच्या तोरणासारखा लांब केला, आणि दोन दिवस बसून एकेक टिंब काढलं. बहुतेक सगळी रेघ सपाट, पाटासारखी. मध्येच एक उथळ खड्डा. त्याच्या शेजारी एक खोल खड्डा, २३११ पासून २४६० पर्यंत.

खोल खड्ड्याच्या तळाला दात होते. करवतीसारखे.

"धूळ अशी बसत न्हाय," काका म्हणाले. "धूळ वेडीवाकडी असतीया. हे बघा, सारख्या अंतरावर." त्यांनी दात मोजले. बारा. चांदीवरचे शिक्के वाचायचं भिंग काढलं आणि उगाच आपला अंगठा त्याखाली धरला. बराच वेळ धरला. अंगठ्यावरच्या रेघांकडे बघितलं, आलेखाकडे बघितलं.

"मॅडम. बोट हाय हे."

 पालथी चौकट, ओलं बोट, दाबून लावलेलं कुंकू, सगळं एकदम सोनमच्या समोर आलं.

"काका," ती म्हणाली. "खंडेनवमी."

तिनं सगळं सांगितलं. मग काकांनी कोडं उलगडलं. काळ्या-पांढऱ्या फोटोला हे मशीन फक्त हिरव्या उजेडानं बघायचं. त्या उजेडात हळद जवळजवळ पांढरी दिसते आणि कुंकू काळं. म्हणून हळदीचा खड्डा उथळ, कुंकवाचा खोल. कुंकवाला पांढरं धरून मशीननं शालूच्या डोळ्यावर उजेड ओतला होता.

"कपाळ कोण म्हणालं?"

"मी."

काकांनी पेन्सिल कानावर ठेवली. "साहित्यात एमए केलं की असं हुतंय," ते म्हणाले आणि हसायला लागले. सोनमला रडू आलं. त्यांनी दोन बोटं टेबलावर आपटली. टकटक.

"चला. शून्य करा."

मग त्यांनी चार स्क्रू काढले. पट्टी होती तशीच होती. पिवळा ठिपका, लाल ठिपका. वाळलेले, पण टवटवीत. काका त्याच्याकडे बघत राहिले. बायकोचा जुना फोटो अचानक हाती लागावा, तसे.

"अंजनाला सांगू नका," ते म्हणाले. "चौतीस वर्षं माझ्या हत्यारांना लावतीया. तिच्या कुंकवापायी कुणाच्या मेलेल्या बहिणीचा डोळा झाकला, असं कळलं तर पुन्हा ताटाला हात लावायची न्हाय. मी वळखतो तिला."

"नाही सांगणार. मग आता पुसूया? एक मिनिटाचं काम."

"पुसलं की मशीन बरं हुईल. शालूबाई न्हाय बरी हुणार." त्यांनी चौकट परत बसवली. "तो फोटो ह्याच कुंकवावर शून्य करून काढलाय. डोळा सोडवायचा तर हेच कुंकू पायजे. असंच. ह्याचा एक कण हलला तर माप गेलं."

त्या दिवसापासून बाकीचं सगळं काम सोनमच्या छोट्या स्कॅनरवर आलं. मोठा फक्त शालूबाईसाठी राहिला. काकी डबा द्यायला आल्या की विचारायच्या, "त्या म्हातारीचं अजून चाललंयाच व्हय? इतका कसला गुंता?"

"लई बारीक काम हाय," काका म्हणायचे आणि भाकरी तोलायला घ्यायचे.

हळदीचा पट्टा सोपा होता. वाढवलेलं तेवढं भागून काढलं, आणि शालूचे केस एका दुपारीत मोकळे झाले. तेल लावून चापून बसवलेले. कुंकवापाशी गाडी अडली. कुंकू दाट होतं. एका हद्दीपलीकडे ड्रायव्हर नेहमीच्या रीतीनं वाढवायचा नाही. वेगळंच काही करायचा, प्रत्येक ठिपक्याला निराळं. ती रीत काकांना शेवटपर्यंत सापडली नाही.

"रीत न्हाय सापडली तर न्हाय," ते म्हणाले. "एकेक तोलू."

काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत राखाडीच्या नऊ छटांच्या पट्ट्या त्यांनी केल्या. एक ठिपका घ्यायचा. त्याच्याखालून नऊच्या नऊ छटा सरकवायच्या. मशीन प्रत्येक छटेला किती पांढरं म्हणतं, ते वहीत मांडायचं. त्यावरून शेवटच्या रकान्यात त्या ठिपक्याची वाढ. मग शालूच्या डोळ्यातली तेवढी एक उभी रेघ खरी व्हायची. केसाएवढी. असे दीडशे ठिपके. दिवसाला कधी दोन व्हायचे, कधी एकही नाही.

डोळा नाकाकडून उघडायला लागला. आधी नुसता कोपरा. मग पांढरा भाग. सोनम सकाळी आली की आधी तिकडे बघायची. जून गेला, जुलै गेला. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली, तेव्हा काकांनी स्कॅनर उचलून माळ्यावर ठेवला. पाणी या वर्षी गाळ्यापर्यंत आलं नाही. त्यांनी तो खाली आणला, पुन्हा पहिल्यापासून माप तपासलं आणि पुढचा ठिपका घेतला.

गौरी यायच्या आदल्या आठवड्यात बायडाबाई आल्या. बाकावर टेकल्या, पदरानं तोंड पुसलं.

"झाला का वो डोळा?"

"निम्म्याला आलाय."

काकांनी पडदा त्यांच्याकडे फिरवला. जवळपास अर्धा पट्टा विरघळला होता. सुटलेल्या भागात, नाकाच्या बाजूला सरकलेलं, काळं बुबुळ आलं होतं. सगळ्या जगाकडे पाठ करून नाकाकडे बघणारं.

बायडाबाई उठल्या, पडद्यापाशी गेल्या. या खेपेला त्यांनी बोट टेकवलं.

"बघतीया की नाकाकडं," त्या म्हणाल्या. "शाले. न्हाईच झाकलंस नव्हं."

काका पाठ फिरवून चहाच्या बश्या धुवायला लागले. धुतलेल्याच होत्या.

"उरलेला दसऱ्यापतूर देतो, मावशी."

"सावकाश दे, लेका. साठ वर्सं थांबलीया ती. हितं काय घाई हाय तिला!"

सप्टेंबरातल्या एका बुधवारी, हुपरीहून येणाऱ्या एसटीत, बाबासोकाका खिडकीशी झोपल्यासारखे बसून राहिले. सगळे उतरले. कंडक्टरनं हाक मारली, मग खांद्याला हात लावला. मांडीवर फडक्यात बांधलेला चांदी तोलायचा काटा होता. दोन्ही हात त्याच्याखाली होते, तोलून धरल्यासारखे.

फोन आला तेव्हा सोनम 'प्रस्तावना' हा शब्द टाइप करत होती. तिनं तो पूर्ण केला. पुढचा शब्द तिला आठवेना.

तेराव्यापर्यंत तिनं गाळा उघडला नाही. उघडला तेव्हा डाव्या बाजूला काहीच हललं नव्हतं. पितळी वजनं, भिंग, नऊ छटा. खुर्चीवर जुन्या कॅलेंडरची चवड. ती उजवीकडे बसून टाइप करायची आणि पंखा दोघांसाठी फिरत राहायचा.

खंडेनवमीला काकी आल्या. येतील असं सोनमला वाटलं नव्हतं. हातात झाकलेलं ताट होतं. कपाळावर कुंकवाच्या जागी गोंदणाचा हिरवा ठिपका दिसत होता. इतकी वर्षं तो कुंकवाखाली होता, हे सोनमला माहीतच नव्हतं.

"गल्लीतल्या बाया म्हणल्या, तू आता लावू नको," काकी म्हणाल्या. "मी म्हटलं, त्यांच्या पान्ह्या-पकडीला काय कळतंय, मी कोण झाले ते? तुझं काय म्हणणं हाय?"

"लावा की काकी. तुम्हीच लावायचं."

त्यांनी वजनांना लावलं. पक्कडीला, पान्ह्यांना लावलं. फडक्यातला चांदीचा काटा सोडून त्याच्या पारड्याला लावलं, तेव्हा हात जरा थांबला. मग त्या स्कॅनरपाशी आल्या.

"खोल हे. गेल्या सालचं आत असंल. पुसते आणि नवं लावते."

सोनम उठली. दोन पावलं टाकून उभी राहिली. पुसलं तर उरलेले शहात्तर ठिपके कायमचे गेले. शालूचा डोळा अर्ध्यावर राहिला. का पुसायचं नाही ते सांगावं, तर काकांनी सात महिने जपलेलं एका वाक्यात गेलं. आणि नुसतं 'नको' म्हणावं, तर काकी समजणार, ही पण त्याच बायांतली.

काकी तिच्याकडे बघत होत्या.

"काकी, ते खोलू नका," ती म्हणाली. "त्यात तुमच्या बोटाचा ठसा आहे. काका तो पुसू देत नव्हते. त्यांना तो रोज लागायचा."

यात खोटं काही नव्हतं. एक शब्दही.

काकी स्कॅनरकडे बघत राहिल्या. ओल्या बोटावरचं कुंकू वाळायला लागलं.

"रोज?"

"रोज. त्याच्याशिवाय कामाला बसायचे नाहीत."

"काय माणूस," काकी म्हणाल्या. "घरात कधी एका शब्दानं बोलले न्हाईत." त्यांनी झाकणावर तळहात ठेवला. गुराच्या पाठीवर ठेवतात तसा. मग ताटाकडे वळल्या. "तुझ्याला फूल नव्हं?"

"हो. फूल."

"मग ह्याला बी फूल."

त्यांनी एक झेंडू सोनमच्या कीबोर्डशेजारी ठेवला आणि एक स्कॅनरच्या झाकणावर. बोटावरचं कुंकू ताटाच्या कडेला पुसलं. जाताना दारात थांबल्या.

"त्या चिखलीच्या म्हातारीला दसऱ्यापतूर देतो म्हणलेले. मला सांगितलं हुतं. झालं का ते?"

"थोडं राहिलंय."

काकी गेल्या. सोनमनं डाव्या बाजूच्या खुर्चीवरची चवड उचलून खाली ठेवली आणि पहिल्यांदाच तिथं बसली. वही उघडली. सगळं पेन्सिलीनं लिहिलेलं. ओळीमागून ओळ: ठिपका, नऊ छटा, वाढ. शेवटची पुरी ओळ २३८४ ची. तिच्याखाली काकांनी २३८५ लिहून ठेवलं होतं. पहिल्या दोन छटांचे आकडे होते. पुढचे सात रकाने मोकळे. 'वाढ' या रकान्यात पेन्सिलीचं टोक नुसतं टेकल्याचं एक टिंब होतं.